केळोशीहून कवळ्यास : श्रीशांतादुर्गेच्या स्थलांतराची व उपासनेची कथा

गेल्या वर्षी नातवंडांसह श्रीशांतादुर्गेच्या दर्शनास कवळ्याला गेलो असता सकाळच्या अभिषेकाच्या वेळी गुरुजींनी आमचे गोत्र, कूळ व मूळ गाव विचारले. मी नेहमीप्रमाणे ‘मूळ केळोशीचे’ असे सांगितले. बाहेर आल्यावर दहा वर्षांच्या नातवाने मला विचारले, “आजोबा, आपण केळोशीचे, तर आपली देवी कवळ्याला कशी? आणि आपण राहतो तर मुंबईला!” प्रश्न साधाच होता, पण त्याचे उत्तर देताना माझी दुपार अग्रशाळेच्या ओसरीवर केव्हा सरली ते कळले नाही. आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतून हाच प्रश्न आज ना उद्या विचारला जाणार आहे. म्हणून त्या दिवशी नातवाला जे सांगितले, तेच थोडे नीट जुळवून या वार्षिक अंकाच्या द्वारे ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

प्रथम देवीच्या नावाविषयी. दुर्गा म्हटली की हाती शस्त्र घेतलेली असुरमर्दिनी डोळ्यांपुढे उभी राहते. आपली दुर्गा मात्र ‘शांता’ आहे. आख्यायिका अशी की, एकदा शिव आणि विष्णू यांच्यात घोर युद्ध जुंपले. त्या युद्धाने सृष्टीचा लय होईल या भयाने ब्रह्मदेवाने जगदंबेची प्रार्थना केली. देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली, एकेका हाताने एकेकाला आवरले आणि कलह शमविला. देवीच्या दोन हातांतील दोन सर्प ही त्या दोघा देवांचीच प्रतीके मानतात. आपल्या ज्ञातीत स्मार्त आणि वैष्णव अशी दोन कुळे आहेत, त्यांचे मठ निराळे आहेत, आणि पूर्वी त्यांच्यात वादही थोडे झाले नाहीत. अशा ज्ञातीची कुलस्वामिनी शैव आणि वैष्णव यांचा तंटा मिटविणारी असावी, यातील औचित्य सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

परंतु पौराणिक कथेच्या खाली आणखी एक जुना थर आहे. गोमंतकात गावोगाव सांतेरीचे स्थान आढळते, आणि पुष्कळ ठिकाणी ते वारुळाच्या रूपात असते. भूमीतून आपोआप उगवलेले मातीचे वारूळ म्हणजे साक्षात भूमाता, ही त्यामागील श्रद्धा. सांतेरी हेच शांतादुर्गेचे मूळ लोकरूप होय, असे संशोधक मानतात. सह्याद्रिखंडात आपले पूर्वज त्रिहोत्राहून आले व त्यांनी आपल्या देवता बरोबर आणल्या अशी कथा आहे. हे सह्याद्रिखंड डॉ. गर्सन द कुन्ह यांनी इ. स. १८७७ मध्ये संपादून मुंबईस छापविले. ती कथा आपण आदराने वाचावी. पण तिला इतिहासाचा दाखला समजू नये. माझ्या अल्पमतीस तर असे वाटते की, बाहेरून आलेल्यांची दुर्गा आणि या भूमीत आधीच नांदत असलेली सांतेरी या कोठेतरी एकरूप झाल्या, आणि म्हणूनच ही देवी एकट्या आपल्या ज्ञातीची न राहता सर्व गावाची राहिली. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा येईन.

आता केळोशीकडे वळू. केळोशी हे गाव जुवारी नदीच्या दक्षिणेस, कुठ्ठाळीच्या शेजारी आहे. आज ते मुरगाव तालुक्यात मोडत असले तरी त्या काळी हा सर्व मुलूख साष्टी प्रांतात गणला जाई. पोर्तुगिजांनी इ. स. १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये साष्टी व बारदेश हे प्रांत त्यांच्या हाती गेले. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारासच पाडली गेली होती. साष्टीवरील संकट त्यानंतर वीस वर्षांनी कोसळले. इ. स. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६६ मध्ये नवे देऊळ बांधण्यास व जुन्याची डागडुजी करण्यासही बंदी करणारा हुकूम निघाला. १५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगू रोद्रिगिश याने साष्टीतील देवळांचा सरसकट विध्वंस केला. या एकाच मोहिमेत २८० देवळे पाडल्याची नोंद आहे. केळोशीचे शांतादुर्गेचे मंदिरही याच दशकात नामशेष झाले.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगण्याजोगी आहे. पाडलेल्या देवळांच्या जमिनी चर्च व पाद्री यांच्या खर्चाकडे वळवावयाच्या असल्यामुळे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावोगावच्या देवस्थानांच्या जमिनींच्या तपशीलवार नोंदी करविल्या. कोणत्या गावी कोणती देवता होती, तिच्या दिव्यासाठी कोणते शेत होते, वाजंत्र्याला कोणते, पुजाऱ्याला कोणते, हे सारे त्या दप्तरांत उतरले. ज्यांनी देवळे पाडली त्यांच्याच लेखणीने ती देवळे असल्याचा पुरावा राखून ठेवला!

देऊळ पडले, पण देवता आधीच हलविल्या गेल्या होत्या. जुवारीच्या पलीकडे अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडे तालुका, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. तेथे पोर्तुगिजांचा हुकूम चालत नव्हता. म्हणून जे नदी ओलांडू शकले त्यांनी आपले देव उचलले आणि रात्रीच्या अंधारात होड्यांतून पैलतीर गाठले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळास आला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, सांखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगास, आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. मडगावच्या दामोदराने जांबावलीचा रस्ता धरला. अंत्रुजाच्या दऱ्याखोऱ्यांत आज जी देवळांची दाटी दिसते ती अशी एका पिढीच्या पळापळीतून निर्माण झाली आहे. काही देव मात्र तेथे पूर्वीपासूनच होते. बांदिवड्याच्या नागेशाजवळ १४१३ सालचा शिलालेख आहे, तो याची साक्ष देतो.

या प्रसंगाचे वर्णन आपल्या स्मरणिकांतून आजवर अनेकदा आले आहे आणि त्यात पूर्वजांच्या निष्ठेचे गुणगान असते. ते योग्यच आहे. पण त्या रात्री नदी ओलांडताना होडी कोणी वल्हविली, पैलतीरी जागा कोणी दिली, हे आपण सहसा सांगत नाही. होडी हाकणारे आपल्या ज्ञातीचे असण्याचा संभव थोडा. राज्य मुसलमान बादशहाचे होते, आणि त्याच्या अंमलदारांनी या आश्रितांना हुसकून लावले नाही. कवळ्याची परंपरा तर असे सांगते की, देवी आली तेव्हा तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची वस्ती होती आणि देवीची पूजा पुन्हा सुरू झाली ती त्यांच्या गावात. ज्यांची सावलीही आपल्या पूर्वजांनी टाळली, त्यांच्या भूमीवर आपल्या कुलस्वामिनीला निवारा मिळाला. या एका गोष्टीचे स्मरण आपण ठेवले असते तर पुढच्या चारशे वर्षांत आपल्या हातून काही प्रमाद कमी झाले असते.

नदीच्या अलीकडे राहिलेल्यांचे काय झाले? कित्येक घराणी देशोधडीस लागली. कोणी घाटावर गेले, कोणी कारवार, भटकळ, मंगळूर करीत थेट कोचीपर्यंत पोहोचले. लोटलीकर, बाणावलीकर, कुडतरकर ही आडनावे म्हणजे सुटलेल्या गावांच्या खुणाच होत. पुष्कळांनी नाइलाजाने धर्म बदलला आणि ते गावातच राहिले. एकाच घराच्या दोन भावांपैकी एक देवीबरोबर गेला व दुसरा शेतीजवळ राहिला, असेही घडले. त्यांची जुनी ओढ सर्वस्वी तुटली असे नाही. कुंकळ्ळीची शांतादुर्गा याच धामधुमीत फातर्प्यास गेली. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी तर १५८३ मध्ये उठाव केला आणि त्यांच्या प्रमुखांना आपले प्राण द्यावे लागले. आजही फाल्गुनात रंगपंचमीच्या सुमारास बारा वांगडांच्या बारा छत्र्या नाचवीत देवीची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीस आपल्या जुन्या स्थानी येते, आणि तिच्या स्वागतात तेथील ख्रिस्ती गावकरही सहभागी होतात. धर्म बदलला तरी वांगड बदलला नाही, हा त्याचा अर्थ.

कवळ्यास आल्यावर देवीची पूजा प्रारंभी साध्याशा देवळात होत असे. आज दिसणारे भव्य मंदिर छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीतील आहे. वेंगुर्ल्याजवळील कोचरे गावचे नारो राम शेणवी रेगे हे १७२३ च्या सुमारास साताऱ्याच्या दरबारात मंत्रिपदास चढले. इतिहासात ते ‘नारोराम मंत्री’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांनी शाहू महाराजांकडून द्रव्यसाहाय्य मिळविले. १७३० च्या सुमारास बांधकामास आरंभ झाला व १७३८ च्या सुमारास मंदिर उभे राहिले. लगेच पुढच्या वर्षी, १७३९ मध्ये, कवळे गाव महाराजांनी देवस्थानास इनाम दिला. याच वर्षी चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ज्या सत्तेने केळोशीचे देऊळ पाडले तिला उत्तर कोकणात मात देत असतानाच दक्षिणेत मराठी राज्याने त्या देवीला गाव तोडून द्यावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

पुढे १७६३ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने त्रस्त झालेला सौंदेकर राजा पोर्तुगिजांच्या आश्रयास गेला आणि फोंडे महाल त्यांच्या ताब्यात आला. देवीने ज्यांच्यापासून पळ काढला होता तेच दोनशे वर्षांनी दारात येऊन उभे राहिले. पण काळ बदलला होता. नव्या मुलुखातील रयतेच्या धर्मास व देवस्थानांस हात न लावण्याची हमी पोर्तुगिजांना द्यावी लागली आणि ती त्यांनी पाळली. आज मंदिराच्या कमानदार खिडक्या, त्यांतील रंगीत काचा आणि सभामंडपातील झुंबरे पाहून काही यात्रेकरूंना ‘हे देऊळ की इगर्ज?’ असा भ्रम होतो. गोव्यातील गवंड्यांनी दोन्हीकडे काम केले, आणि तेच कौशल्य देवीच्याही चरणी वाहिले. उतरती कौलारू छपरे, गर्भगृहावरील घुमट, समोरची दीपमाळ आणि डोंगराच्या पायथ्याची तळी हे सारे मिळून जे रूप तयार झाले आहे ते अस्सल गोमंतकी आहे.

आता उपासनेविषयी. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. यात्रेकरूने आदल्या संध्याकाळी पोहोचून अग्रशाळेत उतरावे हे उत्तम. म्हणजे सायंकाळची आरती व सकाळचा अभिषेक दोन्ही साधतात. सकाळी तळीवर हातपाय धुऊन मंडपात यावे. अभिषेक, कुंकुमार्चन, देवीची ओटी व नैवेद्य हे मुख्य उपचार होत. ओटीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू व फुले असावीत. दुपारच्या महापूजेनंतर प्रसाद घेऊन निघण्याची जुनी रीत आहे. पालखीच्या दिवशी देवी सुवर्णाच्या पालखीतून मंदिराभोवती मिरविते. माघ शुद्ध पक्षातील जत्रा व आश्विनातील नवरात्र हे येथील मोठे उत्सव. अंत्रुजातील देवळांत नवरात्रात मखरोत्सवाची प्रथा आहे. सजविलेल्या मखरात देवतेला बसवून आरतीच्या वेळी वाद्यांच्या गजरात ते मखर झोके घेऊ लागते. हा सोहळा एकदा तरी डोळ्यांनी पाहावा असा आहे.

गोमंतकातील देवळांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ‘कौल’ किंवा ‘प्रसाद’ घेणे. मूर्तीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवितात, गुरुजी भक्ताच्या वतीने गाऱ्हाणे घालतात, आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी गळते त्यावरून देवीचा होकार वा नकार समजतात. लग्न, घरबांधणी, दूरचा प्रवास, भावाभावांतील वाटणी अशा अनेक गोष्टींचे निर्णय आपल्या आजोबा-पणजोबांनी असे घेतले. नव्या पिढीने त्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण त्यात एक शहाणपण होते खास. देवीपुढे गाऱ्हाणे मोठ्याने मांडावे लागे, आणि मनातील गोष्ट चारचौघांत एकदा स्पष्ट शब्दांत बोलून दाखविली की निम्मा गुंता आपोआप सुटे.

हा सर्व उपचार चालविणारे हात किती, याचा विचार दर्शनाच्या गर्दीत आपल्या मनात येत नाही. पुरोहित, माळी, वाजंत्री, पालखीचे भोई, दिवटीवाले, झाडलोट करणारे अशा कितीतरी घराण्यांची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. देवळांतील गायन-नर्तनाची सेवा ज्या स्त्रियांकडे होती त्यांच्या वाट्याला समाजाने मान थोडा आणि अपमान फार दिला. तरीही हिंदुस्थानी संगीतातील थोर परंपरा याच देवळांच्या परिसरात वाढली. केसरबाई केरकर अंत्रुजातल्या केरीच्या आणि मास्टर दीनानाथ मंगेशीचे, हे सर्वश्रुत आहे. त्या समाजाने पुढे संघटित होऊन शिक्षणाच्या बळावर आपली प्रतिष्ठा स्वतः मिळविली. त्याबद्दल आपण त्यांचे कौतुक करतो. पण आपल्याकडून झालेल्या अन्यायाची कबुली मात्र फारशी देत नाही.

देवस्थानाचा कारभार महाजनांकडे आहे. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये व पुन्हा १९३३ मध्ये नियम करून महाजनांच्या नोंदी, हक्क व हिशेब यांची व्यवस्था लावली. तीच चौकट आजही कायम आहे. महाजनपणाचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु ‘महाजन’ म्हणजे मालक नव्हे. ज्या देवीला नावाड्याने पार नेले, अस्पृश्य गणलेल्यांच्या गावाने थारा दिला, बादशहाच्या अंमलात अभय मिळाले आणि छत्रपतींनी गाव दिला, तिचा मालक कोण होऊ शकेल? महाजन हा विश्वस्त आहे. विश्वस्ताचे पहिले काम दार उघडे ठेवण्याचे असते. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केली. परंतु जे कायद्याने करावे लागले ते आपण कृतज्ञतेने आधीच करावयास हवे होते, असे मला प्रांजळपणे वाटते.

आता घरची एक हकीकत सांगून लेख संपवितो. १९५६ मध्ये मी सहा वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणास खिळलो होतो. आजीने देवीला नवस बोलून पदराच्या टोकात एक रुपया बांधला आणि नंतर तो एका जरीच्या खणात गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवला. मी बरा झालो. पण नवस फेडावयाचा कसा? १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची सीमा बंद झाली होती. मुंबईच्या माणसाला कवळ्यास जाणे दुरापास्त झाले होते. आजी दर नवरात्रात ट्रंक उघडून तो खण उन्हात घाली, पुन्हा घडी करून ठेवी, आणि ‘यंदा नाही, तर पुढल्या वर्षी’ असे म्हणे. १९६० च्या पावसाळ्यात ती वारली. पुढच्या वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला.

१९६३ च्या मे महिन्यात आम्ही सारे बोटीने पणजीस उतरलो व तेथून मोटारीने कवळ्यास गेलो. आईने तो खण व तो रुपया देवीच्या ओटीत घातला. खणाच्या घड्या उन्हाने फिक्या पडल्या होत्या. गुरुजींनी विचारले, “ही ओटी कोणाच्या नावाने?” आईने सासूचे नाव घेतले. त्यावर ते वृद्ध गुरुजी म्हणाले, “बाई, चिंता करू नका. ही देवी स्वतःच घर सोडून आलेली आहे. उशिराने आलेल्यांची तिला सवय आहे.”

ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. चारशे वर्षांपूर्वी जुवारीच्या दक्षिण तीरावर जे मागे राहिले, त्यांच्यापैकी कित्येकांनी असेच काही ट्रंकेत नव्हे तर मनात गुंडाळून ठेवले असेल. आज बोरीच्या पुलावरून मोटार क्षणार्धात ती नदी पार करते. कोणतीही सीमा आड येत नाही. आड येतो तो केवळ आपला आळस.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस माझी विनंती इतकीच की, वर्षातून नव्हे तर निदान आयुष्यात दोन-तीनदा तरी मुलाबाळांसह कवळ्यास जावे. जाताना जुवारीच्या पुलावर थोडे थांबून ही नदी कोणी व का ओलांडली ते मुलांना सांगावे. देवळात गेल्यावर आपल्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची जात न विचारता त्याला पुढे वाट द्यावी. न जाणो, त्याच्याच पूर्वजाने त्या रात्री होडी वल्हविली असेल.

श्रीशांतादुर्गा सर्वांचे कलह शांत करो.